‘गिल्ट-फ्री’ नाश्त्याची पाकिटं: आतला माल आणि बाहेरचा शब्द

ग्रॅनोला, म्यूस्ली, इन्स्टंट ओट्स, प्रोटीन बार. नाश्त्याच्या या चारही प्रकारांच्या पाकिटांवर हल्ली ‘गिल्ट-फ्री’, म्हणजे खाऊन अपराधी वाटणार नाही असं, हा शब्द हमखास दिसतो. ‘साखरमुक्त’ असं छापायचं तर १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. घन पदार्थाला ‘लो फॅट’ म्हणायचं तर ३ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि ‘हाय फायबर’साठी किमान ६ ग्रॅम फायबर लागतं. अनेक देशांच्या नियमांत हे आकडे ठरवून दिलेले आहेत. ‘गिल्ट-फ्री’साठी असा आकडा नाही आणि असूही शकत नाही, कारण तो पदार्थाचा गुण नव्हे. खाणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे याबद्दल पाकिटाने परस्पर केलेलं ते विधान आहे. म्हणून इथे आतला माल आणि बाहेरचा शब्द हे दोन्ही वेगवेगळे तपासले आहेत. मालात बरंच काही घेण्यासारखं आहे. शब्द मात्र नुकसान करतो, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात ग्रॅनोलापासून, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो. ओट्स, सुकामेवा आणि बिया यांना तेल आणि मध किंवा सिरप चोळून भाजलं की ग्रॅनोला तयार होतो. त्यामुळे १०० ग्रॅमला साधारण ४३० ते ४९० कॅलरी भरतात; साध्या ओट्सच्या ३७० ते ३९० असतात. साखर १२ ग्रॅमपासून २५ ग्रॅमपर्यंत कितीही असू शकते. यात घाबरण्यासारखं काही नाही. दाट पदार्थ आहे, थोडक्यात भागतो. चूक होते ती मापात. पाकिटावरची ‘सर्व्हिंग’ बहुधा ३० ते ४५ ग्रॅमची असते. २५० मिलीच्या कपात कॉर्नफ्लेक्स जेमतेम ३० ग्रॅम मावतात, तर ग्रॅनोला १०० ते १२० ग्रॅम. फ्लेक्सची सवय असलेला माणूस तोच बाऊल तेवढाच भरतो आणि नकळत तिप्पट-चौपट घेतो. यात हावरटपणा कुठेच नाही, डोळ्याला जुन्या मापाची सवय आहे इतकंच. पण नंतर पाकीट उलटून आकडे पाहिले की मन खायला उठतं, आणि पुढून पुसलेली अपराधी भावना मागच्या तक्त्यातून परत येते.

यावर उपाय सोपा आहे. स्वतःच्या रोजच्या बाऊलमध्ये एकदाच ४० ग्रॅम तोलून घ्या, ते कुठवर येतं ते बघा आणि वजनकाटा परत कपाटात ठेवा. रोज तोलत बसू नका, त्याचं कारण पुढे येईल. दुसरं म्हणजे ग्रॅनोला हा पायाचा पदार्थ नाही, वरून घालायचा आहे. १५० ते २०० ग्रॅम साधं दही, एक कापलेलं फळ आणि वर ३० ते ४० ग्रॅम ग्रॅनोला ही जोडणी उत्तम बसते. नुसत्या ४० ग्रॅम ग्रॅनोलातून प्रोटीन मिळतं ४ ग्रॅमच्या आसपास. दह्यामुळे ते १० ते १२ ग्रॅमवर जातं आणि एक अंडं घेतलं तर आणखी ६ ग्रॅम वाढतं. दोन तासांत पोटात खड्डा पडत असेल तर दोष इच्छाशक्तीचा नसतो. बहुतेक वेळा प्रोटीन आणि फायबर कमी पडलेलं असतं, किंवा एकूण खाणंच कमी झालेलं असतं.

घटकांची यादी वाचताना एक नियम पुरतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. अनेक उत्पादक साखर एकाच नावाने घालत नाहीत. मध, ग्लुकोज सिरप, खजुराचं सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट अशी तिची वाटणी केली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि ओट्स वर राहतात. मध म्हणजे साखर नव्हे, ही समजूतही सोडलेली बरी. मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरच असते आणि एका मोठ्या चमच्यात ती १७ ग्रॅमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोकळ्या साखरेसाठी दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांची मर्यादा सांगितली. २,००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅम होते. त्यात मध, सिरप आणि फळांचा रस मोजतात. अख्खं फळ आणि दुधातली साखर मोजत नाहीत. ‘साखर न घातलेली’ म्यूस्ली घेतली आणि तक्त्यात १५ ग्रॅम साखर दिसली तर दचकू नका, ती बहुधा मनुकांची असते.

घरी केलेल्या ग्रॅनोलाशी तुलना केली की विकतचा कुठे कमी पडतो ते लगेच कळतं. ३०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम सुकामेवा-बिया, ४५ मिली तेल, ६० मिली मध आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. १५० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा आणि मध्ये एकदा हलवा. दोन चुका नेहमी होतात. मनुका सुरुवातीलाच घातल्या की त्या जळून कडू होतात, म्हणून त्या भाजून झाल्यावर घालाव्यात. आणि गरम असतानाच डब्यात भरलं की वाफ धरून सगळं मऊ पडतं. ओव्हनमधून काढताना ग्रॅनोला किंचित मऊच असतो, कुरकुरीतपणा गार होताना येतो. तो मऊ वाटला म्हणून अजून दहा मिनिटं ठेवला तर करपलाच. विकतच्या ग्रॅनोलाला पाचपैकी साडेतीन गुण.

म्यूस्ली हा मूळचा झुरिकमधला पदार्थ. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर या डॉक्टरने १९००च्या सुमारास तो आपल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. मूळ कृतीत भिजवलेले ओट्स फक्त चमचाभर होते. बाकी एक मोठं सफरचंद किसून, थोडा लिंबाचा रस, चमचाभर सुकामेवा आणि चमचाभर गोड कन्डेन्स्ड मिल्क. आजच्या पाकिटात हे प्रमाण नेमकं उलटं झालं आहे, धान्य पोतंभर आणि फळ नावाला. त्या रुग्णांच्या वाटीत गोड कन्डेन्स्ड मिल्क होतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आरोग्यासाठी योजलेल्या नाश्त्यातही गोडाला जागा होती.

म्यूस्ली भाजलेली नसते, त्यामुळे थेट दूध ओतून खाल्ली तर ती भुश्यासारखी लागते आणि हात मधाच्या बाटलीकडे जातो. ५० ग्रॅम म्यूस्ली १२० ते १५० मिली दुधात किमान २० मिनिटं भिजवा किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी त्यात अर्धं सफरचंद किसून घाला, वेगळं गोड लागत नाही. फायबरची सवय नसेल तर पहिला आठवडा अर्ध्या मापाने सुरुवात करा आणि पाणी नीट प्या. एकदम भरपूर खाल्लं तर पोट फुगतं आणि ‘मला ओट्स सोसत नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चार गुण.

इन्स्टंट ओट्सबद्दल थोडक्यात. चवीच्या ३५ ते ४० ग्रॅमच्या पुडीत ८ ते १२ ग्रॅम साखर असते आणि दाणा बारीक केलेला असल्याने पोट लवकर रिकामं होतं. घाईच्या दिवशी काहीच न खाण्यापेक्षा नक्कीच बरं. अडीच गुण.

साध्या रोल्ड ओट्सना मात्र पूर्ण पाच, आणि नेमक्या त्याच पाकिटावर बहुधा कसलीही फुशारकी नसते. ४० ग्रॅम ओट्स, २४० मिली अर्धं दूध-अर्धं पाणी, चिमूटभर मीठ, मंद आचेवर पाच मिनिटं. सतत ढवळलं तर चिकट लापशी होते, दोन-तीनदा हलवणं पुरतं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या फायबरमुळे कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, हे खरं आहे. पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं आणि ४० ग्रॅम ओट्समध्ये ते दीड ग्रॅमच्या आसपास असतं. एका लहान बाऊलवर तो दावा टिकत नाही.

प्रोटीन बार प्रवासात किंवा अडचणीच्या वेळी ठीक. रोजच्या नाश्त्याची जागा त्याला देऊ नये. गोडी येते ती बऱ्याचदा माल्टिटॉलसारख्या शुगर अल्कोहोलने (साखरेऐवजी वापरायचे गोड पदार्थ, दारू नव्हे) आणि फायबर येतं चिकोरीच्या मुळातून काढलेल्या इन्युलिनमधून. दोन्ही जास्त झाले की पोटात गुडगुड, वारा, कधी जुलाब. १० टक्क्यांहून जास्त शुगर अल्कोहोल असलेल्या पदार्थावर युरोपात तशी सूचना छापणं बंधनकारक आहे. शिवाय बार चालता चालता तीन मिनिटांत संपतो आणि मनाला जेवल्यासारखं वाटतच नाही. मग अकरा वाजता काहीतरी हवं होतं आणि त्याबद्दलही वाईट वाटतं. दोन गुण.

आता त्या शब्दाकडे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला सांगितलं. खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, ते साहजिकच आहे. एरवी मन मारून खाणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता काय राहिलं, असा हा हिशेब. सकाळी आठला ठरवल्यापेक्षा वाटीभर जास्त खाल्लं म्हणून ‘आजचा दिवस गेला’ असं ठरवून रात्रीपर्यंत वाटेल तसं खाणं हे त्याचंच रूप. कॉयर (Kuijer) आणि बॉइस यांचा २०१४ चा न्यूझीलंडमधला अभ्यासही याच दिशेचा आहे. चॉकलेट केक म्हटल्यावर ज्यांना आधी अपराधीपणा आठवला, त्यांचं खाणं ‘सेलिब्रेशन’ आठवणाऱ्यांपेक्षा जास्त आरोग्यदायी नव्हतं. उलट स्वतःच्या खाण्यावर आपला ताबा कमी आहे असं त्यांना वाटत होतं. अपराधीपणाने शिस्त येते ही समजूत इथे टिकत नाही.

एका पाकिटावर ‘गिल्ट-फ्री’ लिहिलं की शेजारच्या सगळ्या पाकिटांवर न लिहिताच ‘अपराध’ छापला जातो. ब्रेड-जॅम, बिस्किट, कालचा उरलेला केक हे सगळे आरोपी ठरतात. मग ते खाल्ले जातात तेव्हा उभ्याने, घाईत, लपून, आणि समाधान न होता. आमचा आक्षेप यालाच आहे.

ब्रेड-जॅम खाल्ला तर पुढचं जेवण नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढंच घ्या. भरपाई म्हणून जेवण टाळलं की संध्याकाळी भूक दुपटीने येते. खाण्याआधी भुकेला शून्य ते दहा गुण द्या, शून्य म्हणजे भुकेने गरगरणं आणि दहा म्हणजे श्वास घेता येणार नाही इतकं गच्च. तीनच्या आसपास बसा, सातच्या आसपास थांबा. चुकलं तर नोंद घ्या, शिक्षा नको. ‘चांगलं खाल्लं’, ‘वाईट खाल्लं’ याऐवजी ‘पोटभरीचं’, ‘गोड’, ‘घाईतलं’ असे शब्द वापरा, विशेषतः मुलांसमोर. चॉकलेट ग्रॅनोला आवडत असेल तर तोच आणा आणि बसून, निदान पंधरा मिनिटं देऊन खा.

सकाळी भूक लागतच नसेल तर जबरदस्तीही नको. २०१९ मध्ये १३ चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले, त्यांत नाश्ता टाळणाऱ्यांचं वजन वाढल्याचं दिसलं नाही. थोडं जास्त भरलं ते नाश्ता करणाऱ्यांचंच. मात्र त्याच विश्लेषणात चाचण्यांचा दर्जा कमी असल्याचंही नमूद केलं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता सोडू नये.

रोज तोलू नका असं वर म्हटलं, त्याचं कारण असं. २०१७ मध्ये खाण्याचा विकार असल्याचं निदान झालेल्या १०५ जणांची पाहणी झाली. कॅलरी मोजणारं एक लोकप्रिय अॅप त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वापरलं होतं आणि त्यातल्या ७३ टक्के जणांना आपल्या विकारात त्या अॅपचा हातभार आहे असं वाटत होतं. आकडा न पाहता घास उतरत नसेल, खाल्ल्यावर ओकारी काढली जात असेल किंवा ‘जाळण्यासाठी’ तासन्‌तास व्यायाम होत असेल, तर पाकीट बदलून काही होणार नाही. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि या विकारांची जाण असलेला आहारतज्ज्ञ यांच्याकडे जायला हवं, आणि लवकर.

बाकीच्यांसाठी शेवटची व्यावहारिक सूचना. लहान पाकीट घ्या. सुकामेवा आणि बियांमधलं तेल हवेने खवट होतं, म्हणून उघडल्यावर महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा. घरी आल्यावर माल काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ओता. घटकांत ॲलर्जीचं काही असेल तर ते आणि उघडल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवा, वर नुसतं ‘म्यूस्ली’ असं नाव घाला, आणि रिकामं पाकीट टाकून द्या.