मॅडोनाचा 'द इमॅक्युलेट कलेक्शन': सलग ऐका, शफल नको

ग्रेटेस्ट हिट्स म्हटलं की बहुतेक वेळा कंपनीने घाईघाईत गोळा केलेली गाणी, वर एखादं नवीन गाणं टाकून लोकांना परत विकलेली, असाच प्रकार असतो. मॅडोनाचं हे पहिलं ग्रेटेस्ट हिट्स मात्र खरंच एक अल्बम आहे, आणि तो तसाच ऐकायला हवा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये काहीही न गाळता. नोव्हेंबर १९९० मध्ये आला, १७ गाणी, साधारण ७३ मिनिटं. जगभरात याच्या तीन कोटींच्या आसपास प्रती खपल्यात असं सांगतात, पण मी आकड्यांसाठी नाही, ऐकण्यासाठी लिहितोय.

गाणी ज्या क्रमाने बाजारात आली त्याच क्रमाने लावलीत, आणि सगळी मजा त्यातच आहे. सुरुवात १९८३ च्या 'हॉलिडे'ने. तिथे तिचा आवाज बघा, बारीक, वरच्या पट्टीतला, थोडा कोवळा, पण हट्टी. मग 'लकी स्टार', 'बॉर्डरलाइन', 'लाइक अ व्हर्जिन', 'मटेरियल गर्ल' असं एकामागून एक जातं आणि तुम्ही नाचायच्या मूडमध्ये असतानाच 'लिव्ह टू टेल' लागतं आणि एकदम सगळं बदलतं. आवाज खाली उतरलाय, सावकाश झालाय, आणि गाण्याच्या मधोमध एक जागा अशी येते की ताल थांबतो, मागे फक्त सिंथचा लांब सूर राहतो, वाटतं संपलं गाणं, आणि तेवढ्यात ती परत गायला लागते, अगदी एकटी. हे १९८६ चं गाणं. 'हॉलिडे'पासून इथपर्यंत मध्ये तीनच वर्षं गेलीत यावर विश्वास बसत नाही. वेगवेगळी गाणी सुटी ऐकणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, म्हणून शफल लावू नका हे कळकळीने सांगतोय.

आता साउंडबद्दल, कारण या अल्बमवर सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतो. रिमिक्स करणाऱ्या शेप पेटिबोनने जुनी गाणी नव्याने मिक्स केलीत आणि त्यासाठी क्यूसाउंड नावाचं तेव्हा अगदी नवीन असलेलं तंत्र वापरलंय. स्पीकर दोनच, पण आवाज त्यांच्या बाहेरून, बाजूने, कधी कधी मागून येतोय असा भास होतो. चांगले हेडफोन घालून 'व्होग' लावा, टिचक्या आणि कोरस डोक्याच्या भोवती फिरतात. 'ला इस्ला बोनिता'मध्येही गिटार आणि तालवाद्यं एकमेकांपासून छान सुटी झालीत, मूळ अल्बमवर ती जरा एकमेकांत मिसळलेली वाटतात. छोट्या मोबाइल स्पीकरवर मात्र यातलं काहीच जाणवणार नाही.

पण याची किंमत मोजावी लागलीये हेही खरं. ७३ मिनिटांत १७ गाणी बसवायची म्हणून कात्री जोरात चाललीये. 'हॉलिडे' मूळ अल्बमवर सहा मिनिटांचं, इथे चारच मिनिटांचं. 'लकी स्टार', 'बॉर्डरलाइन', 'चेरिश' यांचेही तुकडे गेलेत. काही गाण्यांचा वेगही किंचित वाढवलाय, ज्याने मूळ गाणी खूप ऐकलीत त्याला ते लगेच खटकतं. 'एक्स्प्रेस युअरसेल्फ' तर वेगळंच गाणं झालंय, अल्बमवरच्या मूळ गाण्यात ब्रासचा, म्हणजे ट्रंपेटसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा दणका आहे, जुन्या फंक बँडसारखा, आणि इथे त्याऐवजी क्लबमध्ये वाजणारा रिमिक्स घेतलाय. तो वाईट नाही, व्हिडिओत तोच होता म्हणून पुष्कळांना तोच ओळखीचा वाटतो, पण ब्रासवालं गाणं जास्त जिवंत आहे असं माझं ठाम मत. 'लाइक अ प्रेअर'लाही इथे ठेका डान्सकडे झुकवलाय. गॉस्पेल कोरस, म्हणजे चर्चमधल्यासारखं समूहगान, आहेच, अंगावर काटा येतोच, तरी १९८९ च्या अल्बमवरची मूळ आवृत्ती जास्त घट्ट आहे, तीच पहिल्यांदा ऐका.

'इन्टू द ग्रूव्ह'बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये हे तिचं पहिलं नंबर वन झालं, पण अमेरिकेत ते 'एंजल'च्या बारा इंची रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलं होतं, त्यामुळे तिथल्या मुख्य हॉट १०० चार्टवर ते आलंच नाही. एवढं जबरदस्त गाणं! इथे ते बाकीच्या हिट्सच्या बरोबरीने मानाने बसलंय हे बघून बरं वाटतं.

काय नाहीये? 'हूज दॅट गर्ल' नाहीये, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही, कारण अमेरिकेत तोवर जेवढी तिची गाणी पहिल्या नंबरवर गेली त्यातलं हे एकच वगळलंय. 'ट्रू ब्लू' नाही, 'ड्रेस यू अप' नाही. 'ओ फादर'सारखं आतून हलवणारं गाणंही नाही. क्रमाने ऐकताना १९८७ वरून थेट १९८९ वर उडी पडते ती जाणवते. 'रेस्क्यू मी' थोडं आखडतं घेतलं असतं तर एक गाणं सहज बसलं असतं.

नवीन गाणी दोन, दोन्ही शेवटी. 'जस्टिफाय माय लव्ह' गायक लेनी क्रॅविट्झबरोबर केलंय आणि त्यात ती जवळजवळ गातच नाही, कुजबुजते, श्वास घेते, बोलते, मागे फक्त ड्रमचा एक ठेका आणि लांब ओढलेले सूर. व्हिडिओ एमटीव्हीने दाखवायला नकार दिला, मग तो व्हीएचएस कॅसेटवर सिंगल म्हणून विकायला काढला, आणि गाणं अमेरिकेत एक नंबरला. वादामुळे लोक गाणं ऐकायचंच विसरतात, आणि ते खरंच धाडसी आहे, एवढ्या मोठ्या पॉपस्टारने हिट्सच्या अल्बममध्ये इतकं मोकळं, इतकं कमी वाद्यांचं गाणं ठेवणं सोपं नसतं. 'रेस्क्यू मी' त्यामानाने नेहमीचं डान्स गाणं, चांगलं आहे पण लांबलंय.

कव्हरवर तिचा फोटो नाही, हे मला फार आवडतं. ज्या बाईचा चेहरा तेव्हा सगळीकडे छापला जात होता तिने पुढे फक्त निळा रंग आणि अक्षरं ठेवलीत, हर्ब रिट्सने काढलेले फोटो आत आहेत.

घ्यायचं तर सीडीच घ्या, सगळं एका डिस्कवर सलग येतं, एलपी दोन रेकॉर्ड्सचा आहे आणि उलटी करायला उठावं लागतं तेव्हा क्रमाची तार तुटते. नंतर २००९ चा दोन डिस्कवाला 'सेलिब्रेशन'ही आलाय, त्यात पुढची गाणीही आहेत म्हणून नवीन माणसाला तोच घे असं सगळे सुचवतात, पण त्यात गाणी वर्षांच्या क्रमाने लावलेली नाहीत, त्यामुळे मी आधी हाच घ्यायला सांगेन. आणि हा आवडला की लगेच १९८९ चा 'लाइक अ प्रेअर' पूर्ण ऐका, वर म्हटलेलं ब्रासवालं 'एक्स्प्रेस युअरसेल्फ' तिथेच आहे आणि इथे न मिळालेलं 'ओ फादर'सुद्धा.