‘इंपोर्टेड कॅट इन्सुलिन’वाल्याने १०,८३० रुपयांना गंडवलं, नाशिककरांनो जरा बघून

आमच्या गोट्याला शुगर निघाली. हे कुणाला सांगायची सोय नाही, लोक आधी हसतात. मांजराला डायबिटीस? हो, होतो, त्यात वय झालेला जाडा बोका असेल तर जास्तच. पाण्याच्या भांड्यापासून हलायचा नाही, खाऊनपिऊन वाळत चालला होता आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला होता. डॉक्टरांनी ग्लार्जिन लिहून दिलं, दर १२ तासांनी १ युनिट, खाणं झाल्यावर. म्हणजे माणसांचंच इन्सुलिन, आणि त्या भामट्याने बरोबर इथेच पकडलं मला.

इन्स्टावर जाहिरात दिसली, नंबरवर मेसेज टाकला तर दोन मिनिटांत फोन. "ताई, माणसाचं इन्सुलिन मांजराला टोचताय? किडनी जाईल त्याची. डॉक्टरांना कट मिळतो म्हणून लिहितात ते." साफ खोटं. ग्लार्जिन जगभर मांजरांना देतात. पण बाकीचं सगळं खरं बोलत होता ना मेला! कोरडे दाणे बंद करा, त्यात कार्ब्स जास्त, ओलं खाणं द्या, काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंसुद्धा, हे सगळं आमचे डॉक्टरही म्हणालेच होते. मग राहिलेलं एक वाक्य खोटं असेल असं कोण धरून चालेल?

पहिले ४,६५० घेतले, बाटली आणि ‘डायबेटिक डाएट’चं पाकीट मिळून. मग कोल्ड बॉक्सचं डिपॉझिट २,२००, परत मिळणार म्हणे. मग माल मुंबईला कस्टममध्ये अडकला, ३,९८०. ही पद्धत तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, मलाही होती.

आणि तो क्षण आठवला की अजून डोकं तडकतं. पहिलं पेमेंट करताना यूपीआयच्या स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणातरी माणसाचं नाव होतं, मी ते वाचलंसुद्धा, विचारलं तर "अकाउंटंटचं खातं आहे ताई". अंगठा तिथेच थांबायला हवा होता. पण बाजूला जीव तोंड उघडं टाकून पडलाय, अहो म्हणतायत काय ते लवकर कर, अशात कोण नावं पडताळत बसतं? तुम्ही बसला असता?

पार्सल आलं ते मे महिन्यात, थर्माकोलचा डबा, आतलं जेलपॅक कोमट पाणी झालेलं. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहायला लागतं. बाटली ट्यूबलाइटसमोर धरली तर आत बारीक तंतू तरंगत होते, लेबलचा कोपरा नखाने उचकटला तर खाली दुसरं लेबल. बाटलीवर ४० युनिट (म्हणजे एका मिलीत ४०) आणि सोबत दिलेल्या सिरिंज केशरी टोपीच्या, म्हणजे १०० च्या! लाल टोपी ४० ची, केशरी १०० ची, हे मेडिकलवाल्या पोरालाही ठाऊक असतं. उलटी गल्लत झाली, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमधून गेलं, तर डोस अडीचपट जातो आणि जनावर खलास होतं. आणि डाएटच्या पाकिटावर घटकांत पहिलं नाव काय, तर मका.

ते टोचूनही शुगर उतरेना तर हा व्हॉट्सॲपवर सांगतो, "१ ने नाही होत ताई, ३ करा." डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी ती बाटली हातातून काढूनच घेतली. म्हणाले, मेलेल्या औषधाच्या ३ युनिटवरून चांगल्या औषधाच्या ३ युनिटवर आला असता तर रात्रीत शुगर पडून फिट आली असती. परत १ पासून सुरू, कानाच्या कडेला टोचून घरीच शुगर बघायची (दवाखान्यात घाबरून चढते), जेवला नाही तर डोस द्यायच्या आधी फोन करायचा, आणि लटपटायला लागला तर हिरड्यांना मध चोळून तसंच उचलून आणायचं. खरं ग्लार्जिन तर घराजवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळालं. फ्रिजमधून काढून दिलं.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत साहेब म्हणतात, "मांजराचं इन्सुलिन? म्हणजे नेमकं काय?" आणि बाजूचा हवालदार हसतोय. मग म्हणे हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणे रक्कम लहान आहे, आधी तुमच्या चौकीत अर्ज द्या. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम, मग फ्रॉड कसला? औषधांचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले तर जनावरांचं आमच्याकडे येत नाही, आणि जनावरांच्या ऑफिसात गेले तर नकली औषध आमच्याकडे येत नाही!! अरे मग येतं कुणाकडे? बनावट इन्सुलिनची बाटली मी पुरावा म्हणून पिशवीत घालून इंदिरानगर ते नाशिकरोड फिरवतेय आणि एकानेही ती हातात घेऊन बघितली नाही. उद्या असलंच लेबल लावून माणसांना विकेल, तेव्हा जागे होणार का?

पैसे गेले की पहिल्या तासाभरात १९३० ला (सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, चौकीत नंतर जा, पैसे पुढे सरकायच्या आत कळलं तरच अडकवता येतात. स्क्रीनशॉट आधी काढा, कारण तो चॅट डिलीट करतो. थंडाव्यात ठेवावं लागणारं कुठलंही औषध कुरिअरने मागवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. आणि डॉक्टर लुटतात असं जो पहिल्याच वाक्यात म्हणतो त्याचा फोन तिथेच ठेवा.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. शेजारच्या मुलाने गिऱ्हाईक होऊन मेसेज टाकला, तर प्रोफाइलला दुसरंच नाव, बाटलीचा फोटो तोच, आणि ४,६५० चे ५,२०० केलेत.