पुस्तकं ऐकायचा ब्लूटूथ प्लेअर: दोन घेतले, एक चालतोय

आधीच सांगते, मला ऑडिओबिडिओतलं काही कळत नाही, मी ब्लाउज शिवते. नाशिकला सिडकोत पवननगरजवळ घरातच मशीन आहे, सकाळी डबे गेले की साडेदहाला बसते ते दिवेलागणीपर्यंत, लग्नसराईत रात्रीचे बारा पण होतात. हात अडकलेले, डोळे अडकलेले, मोकळे फक्त कान, म्हणून पुस्तकं ऐकायची सवय लागली. फोन सोडून वेगळा प्लेअर का घेतला, पैसे कुठे बुडाले, हे सगळं लिहितेय कारण मी घ्यायच्या आधी शोधलं तेव्हा जिथे तिथे बेस आणि हाय-रेस आवाज हेच सापडलं, आणि पुस्तक ऐकणाऱ्याला त्यातलं काहीएक लागत नाही.

वायरलेसच का, तर त्याची पण गोष्ट आहे. आधी साधे वायरचे इअरफोन लावायचे. मशीनचं चाक उजव्या हाताला आणि वायर पण उजवीकडूनच लोंबायची, एक दिवस मोटर चालू असताना ती वायर चाकात गेली, कानातलं खसकन ओढलं गेलं, फोन टेबलावरून खाली आणि येवल्याहून आणलेल्या पैठणीच्या ब्लाउजवर वितभर टाके वेडेवाकडे. उसवायला पाऊण तास गेला. त्याच संध्याकाळी गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ इअरफोन, म्हणजे नेकबँड घेतला.

पण नेकबँड फोनला जोडून ऐकायचं म्हणजे सीबीएसच्या बसस्टँडवर बसून पुस्तक वाचण्यासारखं आहे. ऐन रंगात आलं की कुणाचा तरी फोटो येतो, "ताई मागचा गळा असा हवा", मग दुसरीचा फोन, "झाला का हो माझा", मग मुलाला क्लाससाठी फोन पाहिजे. म्हणून ठरवलं की फोन गिऱ्हाइकांचा, पुस्तकाचं यंत्र वेगळं.

आता पुस्तकं येतात कुठून हे सांगते, कारण प्लेअर कुठला घ्यायचा हे निम्मं त्यावरच ठरतं आणि दुकानात हे कुणी विचारतच नाही. स्टोरीटेलसारख्या ॲपवर ऐकत असाल (मराठी पुस्तकं तिथे २०१७ पासून आहेत) तर बटणांचा प्लेअर घेऊच नका, कारण ॲपमध्ये डाउनलोड केलेलं पुस्तक त्या ॲपमध्येच उघडतं, ते उचलून मेमरी कार्डावर टाकता येत नाही. त्यापेक्षा घरातला जुना अँड्रॉइड फोन काढा, सिम टाकू नका, त्यात फक्त ते ॲप ठेवा, झाला तुमचा प्लेअर, खर्च शून्य. माझं तसं नाहीये. माझी निम्मी पुस्तकं जुन्या कथाकथनाच्या सीडींवरून एमपी३ केलेली आणि उरलेली सिन्नरच्या मावशीच्या आवाजात. मावशी रिटायर्ड शिक्षिका, दुपारी जुन्या कादंबऱ्या मोठ्याने वाचते आणि व्हॉट्सॲपला दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाठवते. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की पुस्तकाचा हक्क सुटतो हे तिला कुठूनतरी कळलंय, त्यामुळे लेखक निवडताना ती आधी तो कधी गेला ते बघते. ऐकायला जरा विचित्र वाटतं पण हिशोब बरोबर आहे.

पहिला प्लेअर एमजी रोडवर घेतला, १६५० रुपये. दुकानाचं नाव देत नाही आणि डब्यावरचं पण देत नाही, कारण हुबेहूब तोच पीस मी नंतर दोन वेगळ्या नावांनी बघितला. छोटासा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, ब्लूटूथ ५.०, दुकानदाराने गाणं लावून दाखवलं, आवाज झकास, घेऊन आले.

घरी आल्यावर मजा सुरू झाली. सीडीवरची एक रहस्यकथा होती, बारा भागांची, फाईलींची नावं १, २, ३ अशी दिलेली. प्लेअरने वाजवलं १, मग १०, मग ११, मग १२ आणि नंतर २. म्हणजे खुनी दुसऱ्याच भागात सापडला आणि खून त्यानंतर सावकाश झाला. मला आधी वाटलं लेखकाची काही नवी पद्धत असेल, मी तशीच ऐकत बसले. हे यंत्र नावं अक्षरासारखी लावतं, आकड्यासारखी नाही, म्हणून ०१, ०२ अशी शून्य लावून नावं द्यायची. आणि काही प्लेअर तर नाव बघतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाईली गेल्या त्या क्रमाने वाजवतात, त्यांच्यासाठी एकेक फाईल क्रमाने कॉपी करायची. मराठीत नावं दिली तर स्क्रीनवर नुसते चौकोन. ते एक वेळ चालतं, चौकोन चौकोन चौकोन ०४, असं वाचायला शिकले मी.

पण खरं दुखणं वेगळंच. बंद करून परत चालू केला की त्याला कितवी फाईल होती ते आठवायचं, कितवं मिनिट होतं ते नाही. गाण्याला काय फरक पडतो, गाणं चार-पाच मिनिटांचं. मावशीचे तुकडे जोडून मुलगा पाऊण-एक तासाचा अख्खा धडा करून देतो, चाळिसाव्या मिनिटाला दारात गिऱ्हाईक आलं, प्लेअर आपोआप बंद झाला की परत पहिल्यापासून. पुढे नेण्याचं बटण दाबून धरलं तर सेकंदाला सहा-सात सेकंद सरकतं, म्हणजे चाळीस मिनिटांपर्यंत पोचायला अंगठा सहा मिनिटं दाबून ठेवायचा. तेवढ्यात एक बाही जोडून होते. परत द्यायला गेले तर, "ताई पीस वापरला गेलाय आता, पाहिजे तर बदल्यात स्पीकर घ्या." नाही घेतला. तो प्लेअर आता मुलगा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला गाणी ऐकायला नेतो, त्याच्यासाठी एक नंबर आहे.

मग डोकं लावून शोधलं. आयपॉडला पुस्तकातली जागा लक्षात राहते हे खरं, पण २००१ मध्ये आलेला आयपॉड ॲपलने २०२२ मध्ये बंदच केला, आता मिळणार तो जुना, बॅटरी थकलेला, आणि ज्याच्यावर लोक जीव टाकतात त्या क्लासिकला ब्लूटूथच नाही, म्हणजे माझी वायर परत चाकात. सोनीने २०२३ मध्ये एनडब्ल्यू-ए३०६ नावाचा वॉकमन काढला, त्यात अँड्रॉइड आहे, ॲप टाकता येतात, पण त्या पैशात माझ्या शिलाई मशीनसारखीच दुसरी मशीन मोटरसकट येईल. शिवाय टच स्क्रीन, मला ॲप्रनच्या खिशात हात घालून न बघता थांबवायचंय. सॅनडिस्कच्या क्लिप स्पोर्ट प्लसला ब्लूटूथ पण आहे आणि पुस्तकांसाठी वेगळा फोल्डर पण, कागदावर अगदी मला पाहिजे तसा, पण इथे फिरले तेवढ्या दुकानांत काही मिळाला नाही.

शेवटी परत एमजी रोड, दुकान दुसरं, पण या वेळी स्वतःचं मेमरी कार्ड आणि स्वतःचा नेकबँड घेऊन गेले. दुकानदार नेहमीप्रमाणे, "गाणं लावून बघा ना ताई, बेस बघा." म्हटलं, "दादा, मला बेस नकोय, मला एक म्हातारी बाई बोलताना ऐकायचीये." तो बघतच राहिला. तीन प्लेअर काउंटरवर मांडले, प्रत्येकात तेच कार्ड, तोच धडा, बाराव्या मिनिटावर नेऊन बटणाने बंद केला. परत चालू केला तर एक सुरुवातीला गेला, एक भलत्याच फाईलवर, तिसरा बरोबर बाराव्या मिनिटावर. एवढ्यावर पण विश्वास ठेवला नाही, म्हटलं हा बाजूला ठेवा, मी आलेच. दहीपुलावरून अस्तर आणि लटकनं घेऊन तासाभराने आले, चालू केला, मावशी बाराव्या मिनिटाचंच वाक्य पुढे बोलायला लागली. २९०० म्हणाला, २७५० ला दिला. ही एवढी एक परीक्षा घ्या आणि बाकी डब्यावर काय लिहिलंय ते वाचू पण नका.

चार महिने वापरतेय. बटणं खरी आहेत, उठावाची, खिशातल्या खिशात बोटाला कळतात, सगळ्यात जास्त याच गोष्टीवर खूश आहे. स्लीप टायमर आहे. चार्जिंग टाइप-सी, फोनचीच वायर चालते. डब्यावर तीस तास लिहिलंय ते वायरच्या इअरफोनचं असावं, ब्लूटूथवर मला चौदा-पंधरा तास मिळतात, म्हणजे दीड-दोन दिवसांचं काम, एक दिवसाआड रात्री लावायचा.

जागा मोठी घ्यायची गरज नाही. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएस (फाईलच्या दर्जाचं माप) मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) ठेवला तर तासाला २९ एमबीच्या आसपास होतं, दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत. ३२ जीबीच्या कार्डात हजार तास सहज बसतात, रोज आठ तास ऐकलं तरी चार महिने. आणि ६४ जीबीपासून पुढची कार्डं वेगळ्या फॉरमॅटमध्ये येतात, एक्सफॅट म्हणतात त्याला, बऱ्याच साध्या प्लेअरना ती वाचताच येत नाहीत, दुकानदार मात्र हौसेने १२८ चं काढून देतो.

एलडॅक, ॲप्टएक्स वगैरे ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या भारी प्रकारांची नावं ऐकून पण घाबरू नका. एसबीसी नावाचा साधा प्रकार ब्लूटूथवर आवाज पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्रात असतोच आणि बोलणं ऐकायला तो भरपूर झाला. मोनो का म्हटलं ते मात्र नीट ऐका. मी एकाच कानात घालते, दुसरा कान दारावरच्या बेलला आणि कुकरच्या शिट्टीला. एका श्रुतिकेत नवरा डाव्या कानात आणि बायको उजव्या, मी अर्धा तास नवऱ्याचंच ऐकत होते, मला वाटलं काय माणूस आहे, एकटाच बडबडतोय. फोनमध्ये सेटिंगला मोनो ऑडिओ असतं, या प्लेअरमध्ये नाही, म्हणून फाईलच मोनो करून टाकायची. मुलगा ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरवर करून देतो, फुकट आहे ते. मावशीच्या व्हॉट्सॲपच्या तुकड्यांना पण तेच, ते ऑपस प्रकारात असतात आणि प्लेअर त्यांना ओळखतच नाही, एमपी३ करावे लागतात.

आता तक्रारी. स्पीड १.२५ करायची सोय आहे, पण फक्त वायरवर, ब्लूटूथ चालू केलं की तो पर्याय गायब. मावशी मुळातच संथ, स्वल्पविरामाला पण थांबते, पूर्णविरामाला तर चहा पिऊन येते असं वाटतं. त्यावर पण उपाय ऑडॅसिटीच, टेम्पो वाढवला की आवाज चिरका न होता वेग वाढतो, पण मुलाची मिनतवारी करावी लागते, आणि एका पुस्तकामागे एक मिसळ असा आमच्यात दर ठरलाय. दुसरं, नेकबँड आधी फोनला जोडलेला असल्यामुळे चालू केला की तो पळत जाऊन फोनलाच चिकटतो, मग फोनचं ब्लूटूथ बंद करा, परत प्लेअरमध्ये शोधा, रोज सकाळी हे दोन मिनिटांचं नाटक. शेवटी प्लेअरसाठी वेगळा स्वस्तातला नेकबँड घेतला, फोनला कधी दाखवलाच नाही.

तिसरी तक्रार मोठी आहे. नवीन पुस्तक टाकायला कार्ड बाहेर काढून परत घातलं की प्लेअर सगळी यादी नव्याने बनवतो आणि कुठवर ऐकलं त्या खुणा सगळ्या पुसल्या जातात, अर्धी राहिलेली तीन पुस्तकं असतील तर तिन्हीची जागा गेली. पहिल्यांदा झालं तेव्हा रडायचीच बाकी होते. आता कार्ड काढायच्या आधी मापाच्या वहीत लिहून ठेवते. त्यामुळे सध्या वहीत छाती ३६, बाही १०, पुढचा गळा ७ आणि त्याच्याच खाली धडा ९, मिनिट २३ असं लिहिलेलं असतं, परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं की हे माझं कुठलं माप हो.

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी घेत असाल तर माझ्यासारखा घेऊ नका, याचा मेनू बोलत नाही, सगळं स्क्रीनवर वाचावं लागतं. त्यांच्यासाठी डेझी प्रकारची (न दिसणाऱ्यांसाठी खास बनवलेली बोलकी) पुस्तकं वाजवणारे खास प्लेअर येतात, मोठी बटणं, मेनू बोलून सांगणारे, आणि सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे २०१६ पासून, आधी तिकडे चौकशी करा.

पॉवरचं बटण जरा सैल वाटायला लागलंय, दाबलं की थोडं आतच राहतं. ही लग्नसराई निघते का बघू, मावशीने परवाच नवीन कादंबरी सुरू केलीये, चांगली जाडजूड.