जंगल बुक की लायन किंग : जंगलाकाठच्या पोरांना कोणता दाखवाल?

उन्हाळ्यात समाजमंदिरात पडदा लावून पोरांना सिनेमा दाखवायचं ठरलं, की शेवटी दोनच नावं उरतात : डिस्नेचा ‘द जंगल बुक’ (१९६७) आणि डिस्नेचाच ‘द लायन किंग’ (१९९४). नागपूर-पुण्याच्या पोरांना कोणताही लावा, काही बिघडत नाही. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिऱ्याच्या काठावरच्या गावांत मात्र जरा विचार करावा लागतो. इथल्या पोरांच्या घरी वाघाचा विषय दर दोन दिवसांनी निघतो, आणि तो गोष्टीतला वाघ नसतो.

आधी एक घोळ निस्तरू. या दोन्ही नावांचे नवे सिनेमेही आहेत, २०१६ आणि २०१९ चे, संगणकावर हुबेहूब प्राणी उभे केलेले. ते लांब आहेत आणि लहान पोरांना भीती घालतात. आपण बोलतोय ते जुन्या, हाताने काढलेल्या चित्रांच्या सिनेमांबद्दल. जंगल बुक ७८ मिनिटांचा, लायन किंग ८८ मिनिटांचा. पोरांचे आईबाप मागे येऊन बसले, की ‘ते चड्डीवालं गाणं कुठाय?’ असं विचारतातच. ते गुलजारांचं गाणं दूरदर्शनवर रविवारी लागायच्या मालिकेचं. ती मालिका जपानची होती, तिचा या सिनेमाशी संबंध फक्त किपलिंगच्या पुस्तकापुरता.

त्या १८९४ च्या पुस्तकातलं जंगल मात्र आपल्या अगदी शेजारचं. सिवनीचे डोंगर म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने खवासा ओलांडलं की पुढचा जिल्हा. पुस्तकात वैनगंगा आहे, तीच जी भंडारा, पवनीवरून खाली गडचिरोलीकडे जाते. एवढं ऐकून पोरं सरसावून बसतात, आणि मग पडद्यावर जे जंगल येतं त्यात ना साग, ना मोह, ना तेंदू. सगळीकडे हिरव्यागार वेली. वर माकडांचा राजा म्हणून चक्क ओरांगउटान, जो भारतात कुठेच नाही. आपलं जंगल मे महिन्यात कसं असतं ते काय सांगायचं. पानगळ झालेली, खाली कोरडा पाचोळा, सशाने पाय टाकला तरी आवाज. खरं सांगायचं तर लायन किंगमधलं पिवळं माळरान आपल्या उन्हाळ्याला जास्त जवळचं आहे. त्याचे चित्रकार केनियात जाऊन जमीन, उजेड पाहून आले होते आणि ते दिसतं.

म्हणजे जागेच्या बाबतीत लायन किंग पुढे. पण जनावराच्या बाबतीत नाही.

जंगल बुकमध्ये शेरखान अर्धा सिनेमा उलटून गेल्यावर येतो. तोवर नुसतं त्याचं नाव. लांडग्यांची बैठक त्याच्यामुळे बसते, मोगलीला माणसांच्या वस्तीत पोचवायचं ठरतं ते त्याच्यामुळे, बगीरा घाई करतो ती त्याच्यामुळे. ‘गुरुजी, वाघ केव्हा येते?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी. मग एकदाचा तो गवतातून हरणावर दबा धरून येतो आणि हत्तींची पलटण गात-वाजवत आल्याने त्याची शिकार बिघडते. इथे मागच्या रांगेतला एक पोट्टा, ज्याचा काका गाईड आहे, हळूच म्हणाला, ‘कॉल झाला बे!’ (कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागली की हरणं-माकडं देतात तो इशारा.) हे मला फार पटलं. गावात वाघ असाच असतो. बांधावर पंजा दिसतो, रात्री चितळ ओरडतं, कुणाची तरी कालवड जाते, आणि वाघ स्वतः पाहिलेला माणूस सगळ्या गावात एखादाच. शेरखानला आवाज दिलाय जॉर्ज सँडर्सने, एकदम खानदानी, हळू, कुठेही आरडाओरडा नाही. त्याने भीती आणखी वाढते. शेवटी तो शेपटीला जळकी फांदी बांधल्यावर पळतो, ते मात्र सिनेमावाल्यांचं.

लायन किंगमध्ये उलट. पहिल्याच दृश्यात सिंहाचा छावा उंच धरलेला आणि खाली झेब्रे, हरणं, हत्ती मान तुकवून उभे. जणू पाटलाच्या वाड्यावर बारसं! चित्रण अप्रतिम, गाण्याने अंगावर काटा येतो, पण ज्याचा घास व्हायचंय त्याच्यापुढे हरणाने का वाकावं, हे मला अजून कळलेलं नाही. आणि तरस सगळे नालायक, हे तर अन्यायाचंच. आपल्याकडचा पट्टेवाला तरस मेलेलं खाऊन रान साफ ठेवतो; आफ्रिकेतला ठिपक्यांचा तरस तर स्वतः पट्टीचा शिकारी आहे.

विनोदी जोड्यांत मात्र दोन्हीकडे आपल्या गावाला हसू वेगळ्याच कारणाने येतं. बल्लू अस्वल गाणी गात केळी खातं. मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या बाईला विचारा, वाघापेक्षा जास्त धास्ती कुणाची? अस्वल सरळ तोंडावर येतं. आणि पुंबा! पडद्यावर रानडुकराचा हा आफ्रिकी भाऊबंद आला की पोरं खिदळतात, आणि हरभऱ्यात रात्र रात्र जागल करणारे त्यांचे बाप मागे बसून तोंड वाकडं करतात. माझ्या मते बल्लू जास्त चांगला लिहिलाय. त्याचा मोगलीवर जीव आहे आणि त्याला सोडायचं कसं हे त्याला जमत नाही. पुंबा आणि त्याचा जोडीदार टिमॉन मजेचे, पण तेवढेच.

गाण्यांबद्दल वाद नको. लायन किंगला संगीत आणि गाणं अशी दोन ऑस्कर मिळाली, ती योग्यच. जंगल बुकची गाणी मात्र दुसऱ्या दिवशी पोरांच्या तोंडी जास्त राहतात.

आता खरी अडचणीची गोष्ट : मुफासाचं, म्हणजे लायन किंगमधल्या छाव्याच्या बापाचं, मरण. वॉल्ट डिस्नेने जंगल बुकची पहिली, काळोखी पटकथा बाजूला ठेवायला लावली होती, म्हणून त्यात बल्लू मेला असं वाटतं आणि तो उठून बसतो. लायन किंगमध्ये कोणी उठत नाही. छावा बापाच्या अंगाला डोकं लावून हलवतो, कान ओढतो, मग त्याच्याच पंजाखाली शिरून झोपतो. आणि काका त्याला सांगतो, हे तुझ्यामुळे झालं. आपल्याकडे पडद्यापुढे बसलेल्या चाळीस पोरांत एक-दोन अशी असतातच ज्यांच्या घरात बाप नाही. कुणाचा शेतात फवारणी करताना गेला, कुणाचा कर्जापायी, कुणाचा जंगलात. त्यातल्या कुणाला वाटत असेल की आपण त्या दिवशी काही वेगळं केलं असतं तर. सिनेमा पुढे छाव्याचं हे ओझं उतरवतो, आणि फार चांगलं उतरवतो; त्यात कारस्थान काकाचं होतं हे त्याला कळतं. पण ते कळेपर्यंत बराच वेळ जातो, आणि गर्दीत रडणाऱ्या पोराकडे तेव्हा बाकीचे वळून पाहत असतात.

सिनेमा म्हणून लायन किंग जास्त घट्ट बांधलेला आहे, यात मला शंका नाही. जंगल बुकला धड कथाच नाही, एकामागून एक भेटी आहेत. तरी माझा आवडता जंगल बुकच, शेरखानच्या त्या उशिरा येण्यासाठी.

समाजमंदिरात पडदा लावत असाल तर जंगल बुक लावा. सात-आठ वर्षांखालची पोरं असतील तर दुसरा विचारच नको. लायन किंग घरी बघा, मोबाईलवर का होईना, पण दहा वर्षांच्या पुढच्या पोरासोबत आणि शेजारी बसून. मुफासा ज्यात मरतो ती कळपाची पळापळ सुरू झाली की स्वयंपाकघरात उठून जाऊ नका.