साठवणीचा गिझर की इन्स्टंट? कोल्हापुरातील घरांसाठी एक पडताळणी

लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीत गिझर पाहायला गेले की इन्स्टंट, म्हणजे पाणी साठवून न ठेवता वाहतावाहताच तापवणाऱ्या गिझरचा पहिला गुण म्हणून विजेची बचत सांगितली जाते. दोन्ही प्रकार वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे, की निवड बचतीवर नव्हे, तर घरात एकामागून एक किती माणसे अंघोळ करतात यावर करावी.

थंडीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी 20 अंशांचे धरले आणि अंघोळीला 40 अंशांचे पाणी लागते असे मानले, तर 20 लिटरच्या बादलीला साधारण अर्धा युनिट वीज लागते. ते पाणी कोणत्या गिझरमधून आले, याने या आकड्यात फरक पडत नाही. साठवणीच्या गिझरमध्ये जास्तीची वीज जाते ती तापलेले पाणी टाकीत नुसते पडून निवते तेव्हा. गिझरवरचे तारांकन (स्टार रेटिंग) उष्णतेच्या याच गळतीवर ठरते, आणि अंघोळीच्या आधी बटण लावून नंतर बंद करण्याची सवय असलेल्या घरात ही गळती फारशी उरतच नाही.

खरा फरक धारेत आहे. आपल्याकडचा इन्स्टंट गिझर बहुधा 3 किलोवॉटचा असतो आणि थंडीत अंघोळीजोगे पाणी त्यातून मिनिटाला जेमतेम दोन लिटर मिळते, म्हणजे एक बादली भरायला नऊ-दहा मिनिटे जातात. नळ जरा मोठा सोडला की पाणी कोमट होते. त्याच्यावर शॉवर चालवायचा विचारही करू नये. परदेशातले बिनटाकीचे विजेचे हीटर घरभर गरम पाणी पुरवतात ते खरे, पण त्यांतील अनेक 18 किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेचे असतात, त्यामुळे तिकडची स्तुती वाचून इकडे खरेदी करण्यात अर्थ नाही.

2 किलोवॉटचा, 15 लिटरचा साठवणीचा गिझर 20 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला वीस-एकवीस मिनिटे घेतो आणि त्यात गार पाणी मिसळून दीड बादली होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातील सगळ्यांना अभ्यंगस्नान उरकायचे असते तेव्हा 15 लिटरही तोकडे पडतात. चार-पाच माणसांच्या घरात 25 लिटरचाच घ्यावा. (जुन्या घरांतील तांब्याचा बंबही साठवणीचाच, पण पाणी काढणाऱ्याने तेवढेच गार पाणी ओतायचे, हा नियम त्यात माणसांना पाळावा लागे, गिझर तो स्वतः पाळतो.) शिवाय पाणी तापल्यावर वीज गेली तरी एकाची अंघोळ होते, इन्स्टंटमध्ये मात्र धार तत्काळ गार पडते.

जोडणीकडे दुर्लक्ष नको. 3 किलोवॉटचा गिझर 13 अँपिअर ओढतो; जुन्या पेठांतील घरांत वायरिंग त्या भाराचे आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे. बोअरच्या जड पाण्याने दोन्हींच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि पाणी तापायला वेळ लागू लागतो. साठवणीच्या टाकीत गंज रोखणारी मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजली की बदलावी लागते, पण हे विक्रेते क्वचितच सांगतात. आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने तर ती काढूनही पाहिली नव्हती. आग्रह धरल्यावर बाहेर निघाली ती पेन्सिलीएवढी बारीक झालेली.

गॅसचा गिझर हाही बिनटाकीचाच, आणि धारेच्या बाबतीत विजेच्या इन्स्टंटपेक्षा कितीतरी सरस. मात्र त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतो, ज्याला रंग नाही की वास नाही. म्हणून तो बंद न्हाणीघरात बसवू नये, बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याचा नळ आत घ्यावा. अशी जागा नसलेल्या फ्लॅटमध्ये तो मी कोणालाही सुचवणार नाही. विजेचा इन्स्टंट स्वयंपाकघरातील तेलकट भांड्यांसाठी आणि एकट्यादुकट्याच्या बादलीभर अंघोळीसाठी उत्तम. आमच्याकडचा आता सिंकवरच बसवला आहे.