स्प्रिंग तुटलीच नव्हती

चवथीला दोन दिवस उरले होते. स्कूटर, माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) लाकडी चौकट, पितळी समया, सगळं गॅरेजमध्ये आणि गॅरेजचं शटर उघडेना. किल्ली फिरत होती, पण शटर बोटभरही वर सरकत नव्हतं. डिचोलीतलं आमचं घर रस्त्यापेक्षा थोडं सखल आहे. पावसाळाभर वरून लाल माती वाहत येते आणि शटरसमोर साचते. हे आधीच सांगून ठेवते, कारण खरा दोष त्या मातीचा होता आणि तो मला साडेनऊ हजार रुपये गेल्यावर कळला.

सासरे ओसरीवरून म्हणाले, "पायानं खाली दाब गो, मग किल्ली फिरव." मी म्हटलं, "बाबा, उघडायचंय, दाबायचं नाहीये." नवरा वेर्ण्याला पहिल्या पाळीला गेलेला. मी मोबाइलवर 'शटर दुरुस्ती डिचोली' असं शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर 'येऊन बघायचे 199 रुपये' लिहिलेलं होतं आणि नकाशात ठिपका आमच्यापासून दहा मिनिटांवर होता. त्या जागी नारळाचं भाट, म्हणजे बाग आहे, दुकान नाही, हे मी नंतर जाऊन पाहिलं.

तासाभरात दोन पोरगे आले. एकजण स्टुलावर चढला, वरच्या पेटीचं झाकण काढलं, आत हात घातला आणि लोखंडाचा एक वाकडा तुकडा माझ्या हातात ठेवला. "मॅडम, स्प्रिंग तुटलीय. दोन्ही बदलाव्या लागतील. अशीच ठेवली तर शटर डोक्यात पडेल." खर्च सांगितला 14,800. मी घासाघीस केली, त्यानं कुणाला तरी फोन केल्याचं नाटक केलं आणि 'चवथीचं डिस्काउंट' म्हणून 9,500 वर आला. मला वाटलं, मी जिंकले!

मग त्यानं मला चहा करायला आत पाठवलं. म्हणजे 'पाठवलं' असं तेव्हा जाणवलं नाही. "मॅडम, चहा मिळेल का?" एवढंच म्हणाला तो. चहा घेऊन बाहेर आले तर शटर वर गेलेलं होतं, सुळकन. जेमतेम वीस मिनिटं. पेटीत टॉर्च मारून त्यानं काळ्या कुळकुळीत 'नव्या' स्प्रिंगा दाखवल्या. मी मोबाइलवरून पैसे भरले. स्क्रीनवर आलेलं नाव दुकानाचं नव्हतं, कुण्या तिसऱ्याच माणसाचं होतं. ते दिसलं मला. तरी मी पिन टाकला. घाईत होते, बाजारात माटोळीचं सामान घ्यायला जायचं होतं.

सासऱ्यांनी तो तुकडा हातात घेऊन दोनदा उलटापालटा केला. "परवा तर शटर उघडलं होतं. मग तुटला कधी?" खरंच, तुटलेल्या तोंडावर पापुद्रे सुटलेला गंज होता. पोलाद दोन दिवसांपूर्वी तुटलं असतं तर पावसाळी हवेत वरवर तांबूस झालं असतं, इतका जाड थर धरला नसता. ते हे बोलले तेव्हा पोरगे अजून मोटरसायकलला किक मारत होते. मी ऐकलं नाही.

चवथ झाली, गणपती गेले आणि आठव्या दिवशी शटर परत अडकलं. तेच, किल्ली फिरतेय, शटर हलत नाही. त्या नंबरवर कोणी फोन उचलेना. मग बाजारातल्या आमच्या ओळखीच्या वेल्डरला बोलावलं. त्यानं खाली वाकून शटरच्या तळपट्टीखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि घट्ट झालेली लाल माती उकरली. मग तळपट्टीवर पाय ठेवून जोर दिला, किल्ली फिरवली आणि शटर वर गेलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पेपर वाचत राहिले.

त्यानं मला नीट दाखवलं. मधल्या कुलुपातून दोन दांडे दोन बाजूंना जातात आणि चॅनलमधल्या, म्हणजे शटर ज्या उभ्या खाचांतून सरकतं त्यांतल्या, भोकांत बसतात. खाली माती साचली की शटर पूर्ण टेकत नाही, अर्धा बोट वर राहतं. दांडा भोकाच्या वरच्या कडेला दाबला जातो आणि किल्ली फिरली तरी एका बाजूचा मागे सरकत नाही. शटर खाली दाबलं की तो सैल होतो. स्प्रिंग तुटली असती, तर शटर असं गच्च अडकलं नसतं, थोडं उचललं गेलं असतं पण दोघांना पेलणार नाही इतकं जड लागलं असतं. आणि स्प्रिंग चांगली असेल तर शटर कमरेइतकं उचलून सोडलं तरी तिथेच थांबतं. आमचं थांबलं.

मग तो शिडी लावून वर चढला आणि मला बोलावलं. "बाय, हे बघा." स्प्रिंगा आमच्याच, जुन्या. त्यांच्यावर काळा स्प्रे मारलेला. धुळीवरूनच मारला होता, आणि दोन वेटोळ्यांमध्ये कोळ्याचं एक जाळं होतं, तेही काळं रंगलेलं. नखानं ओढलं तर कडक होऊन तारेसारखं निघालं. खऱ्या स्प्रिंगा बदलायच्या तर शटरच्या पट्ट्या वरच्या दांड्यावरून उतरवून, ताण सोडून, परत पीळ भरावा लागतो. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम, असं त्याचं म्हणणं. (त्या स्प्रिंगांत भरपूर जोर असतो, स्वतः नट सोडायला जाऊ नका. कुलूप, माती, चॅनल एवढंच आपण बघायचं.) त्यानं चॅनल रॉकेलच्या फडक्यानं पुसले. ग्रीस लावू दिलं नाही, कारण त्याला माती चिकटून लुकणासारखी पेस्ट होते. कुलुपात पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली. घेतले 300 रुपये.

मग मी बिल उघडून बसले. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या बिलात 18 टक्के जीएसटी धरलेला, वर एक नंबर. जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो आणि गोव्याचा 30 ने सुरू होतो. बिलावरची अक्षरं मोजली तर 14. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणीही नंबर टाकून तपासू शकतं, दोन मिनिटांचं काम. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे जाऊन दहा दिवस उलटले होते. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण दावा करायचा कुणावर? बिलावर पत्ता नाही, नारळाच्या भाटावर दावा करता येत नाही.

परवा बहिणीच्या फोनवरून त्याच नंबरला फोन लावून पाहिला. उचलला. मी म्हटलं, "शटरबद्दल बोलायचं होतं." पुढे काही सांगण्याआधीच पलीकडून आवाज आला, "हो मॅडम, स्प्रिंग तुटलेली असणार. लोकेशन पाठवा."