केनिया की टांझानिया? तिकीट काढण्याआधीचा हिशेब

केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी ही अभयारण्यं म्हणजे खरं तर एकच माळरान. सरहद्द आहे ती माणसांपुरती, विल्डबीस्टचे (गाईएवढ्या, शिंगं असलेल्या हरणांचे) कळप वर्षभर तिच्या दोन्ही अंगांना फिरत असतात. म्हणून ‘प्राणी कुठे जास्त दिसतात?’ इथून सुरुवात केलीत तर गुंता सुटत नाही. सिंह दोन्हीकडे आहेत, हत्ती दोन्हीकडे आहेत, बिबट्या दोन्हीकडे नशिबावर. सुट्टी कोणत्या महिन्यात, किती दिवसांची आणि बरोबर कोण, या तीन गोष्टींवर ठरवा. मी केनिया केला आई आणि दोन शाळकरी मुलांना घेऊन. टांझानिया तीन वर्षांनी, आम्ही दोघांनीच. तयारीतल्या चुका दोन्ही वेळा झाल्या, पण निराळ्या.

आधी एक मोह बाजूला सारू. ‘एवढं लांब जातोय तर दोन्ही उरकून घेऊ.’ नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण त्यांच्यामधली थेट वाट पर्यटकांसाठी १९७७ पासून बंद आहे. पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला तेव्हा ती सरहद्द बंद झाली, ती या वाटेवर पुन्हा उघडलीच नाही. इसेबानियाच्या किंवा नामांगाच्या नाक्यावरून वळसा घालायचा, तिथे शिक्के मारून घ्यायचे, गाडी बदलायची, यात एक आख्खा दिवस जातो. व्हिसा-परवान्याचा खर्चही दोनदा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून १०० डॉलरचा एक सामाईक व्हिसा मिळतो, पण टांझानिया त्यात नाही. दहा दिवसांपेक्षा कमी हातात असतील तर एकच देश घ्या.

महिन्याचं गणित आपल्या शाळांच्या वेळापत्रकाशी फार वाईट जमतं. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी नेमकी चिखलात. काही कॅम्प तेव्हा बंदच असतात. जे उघडे असतात ते स्वस्त पडतात, आणि गर्दी नसल्यामुळे ज्यांना भिजायचं वावडं नाही त्यांना मजाही येते. पण मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मे महिना सुचवणार नाही. जुलै ते ऑक्टोबर कळप उत्तरेला, केनियाच्या बाजूला असतात. कळपांनी मारा नदी ओलांडण्याचे ते प्रसिद्ध प्रसंग तेव्हाचेच. म्हणजे दिवाळी लवकर आली, ऑक्टोबरात सुट्टी पडली, तर केनिया. जानेवारी-फेब्रुवारीत कळप पार दक्षिणेला, टांझानियातल्या न्दुटूच्या बाजूला असतात आणि तिथे पिल्लं जन्मतात. मुलांच्या परीक्षेची कटकट नसलेल्यांनी फेब्रुवारीत टांझानिया करावा. आम्ही तसंच केलं. त्या दिवसांत मारात गेलात तर प्राणी दिसतीलच, फक्त लाखोंचा तो पसारा दिसणार नाही.

आता पैसे. सहलीचा दर ऐकताना लोक हॉटेलकडे बघतात, पण खरा फरक अभयारण्याच्या शुल्कात आहे. मसाई मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबरमध्ये २००. हे २०२४ पासूनचे दर. शिवाय तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच. निघायच्या दिवशी दहाच्या आत फाटकाबाहेर पडला नाहीत तर नव्या दिवसाचे पैसे. हे आम्हाला आदल्या रात्री कळलं आणि शेवटची सकाळ सिंहांऐवजी घड्याळाकडे बघण्यात गेली. सेरेंगेटीत हंगामाचं शुल्क ७० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट, आणि ते आत शिरल्यापासून २४ तास चालतं. ऐकायला स्वस्त. पण आत मुक्काम केला की रात्रीचं शुल्क वेगळं, सेरेंगेटीला रस्त्याने जाताना शेजारच्या न्गोरोंगोरो या राखीव क्षेत्राच्या हद्दीतून जावं लागतं म्हणून तिथले ६० अधिक व्हॅट वेगळे, आणि न्गोरोंगोरोच्या विवरात उतरायचं तर प्रत्येक गाडीमागे व्हॅट धरून २९५ डॉलर. गाडीत सहा जण असाल तर हे शेवटचं अंगावर येत नाही, दोघंच असाल तर येतं. आमच्या अंगावर आलं. म्हणून एजंटाला विचारायचा प्रश्न एकच: ‘शुल्कं धरून की सोडून?’ उत्तर लेखी घ्या, आणि दर बदलत असतात म्हणून पैसे भरण्याआधी ताजं दरपत्रक मागा.

कागदपत्रांत केनिया सोपा. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए नावाचा ऑनलाइन परवाना आहे, साधारण ३० डॉलरचा. विमानाचं तिकीट आणि राहण्याची नोंदणी जोडावी लागते. मुलांचा अर्जही वेगळा करायचा. टांझानियाचा व्हिसा भारतीयांना ५० डॉलर. तो विमानतळावरही मिळतो, पण रात्रभराच्या प्रवासानंतर त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा घरूनच ऑनलाइन काढलेला बरा. टांझानियातल्याच झांझिबार बेटावर जाणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथला सरकारी विमा सक्तीचा आहे, माणशी ४४ डॉलर. इथून काढलेली प्रवास विम्याची पॉलिसी त्याऐवजी चालत नाही.

यलो फीवरच्या लशीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. भारतातून थेट केनियात उतरताना ती मागतील की नाही यावर लोक वाद घालत बसतात. अडचण परतताना आहे. केनिया भारताच्या यलो फीवरच्या यादीत आहे, त्यामुळे मुंबईला उतरल्यावर पिवळं कार्ड, म्हणजे लशीचं प्रमाणपत्र, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. टांझानियाला निघालात आणि नैरोबी किंवा अदिस अबाबाला बारा तासांहून जास्त थांबलात, तर टांझानियावालेही कार्ड मागतात. देश कोणताही निवडा, लस घ्याच. ती सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, तारीख आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते जन्मभर चालतं, त्यामुळे एकदाच काय तो त्रास. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. आम्ही हे उशिरा वाचलं. आईच्या डॉक्टरांनी विचार करायला चार दिवस घेतले, आणि शेवटी तिला लस मिळाली ती उड्डाणाच्या बरोबर अकरा दिवस आधी. दीड महिना हाताशी ठेवा.

मलेरियाचा धोका दोन्हीकडे. नैरोबी उंचावर असल्याने तिथे कमी, मारात आणि किनाऱ्यावर आहेच. टांझानियात झांझिबारची जोड घेतलीत तर सखल, दमट भागात जास्त रात्री जातात. गोळ्यांचा प्रकार डॉक्टर ठरवतील, फक्त सगळ्या गोळ्या परतल्यावरही घ्यायच्या असतात हे ध्यानात असू द्या. डॉक्सीसायक्लिन तर पुढे चार आठवडे. आणि परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना आफ्रिकेचं नाव आधी सांगा, मग लक्षणं.

आता रस्ते. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हाच मुद्दा निकाल लावतो. नैरोबीहून मारा पाच-सहा तास, वाटेत रिफ्ट खोऱ्याचा कडा. आईने तो प्रवास पेंगत आणि चिवडा खात आरामात केला. टांझानियात अरुशा शहराहून न्गोरोंगोरोच्या फाटकापर्यंत डांबरी आहे. त्यापुढे सेरेंगेटीच्या मध्यापर्यंत खडीचा, नागमोडी लाटा उठलेला, धुळीचा रस्ता. हाडं खिळखिळी होतात. पाठीचा त्रास असलेल्याला तिथे नेऊ नका, किंवा छोट्या विमानाने न्या. दोन्ही देशांत ही विमानं साधारण १५ किलोच सामान घेतात, तेही मऊ पिशवीत. आपल्या कडक ट्रॉली बॅगा तिथे चालत नाहीत.

सामान भरताना दोन गोष्टी. पहिली, थंडी. आफ्रिका म्हणजे ऊन, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर, न्गोरोंगोरोचा काठ तेवीसशेच्या आसपास. पहाटे उघड्या छताच्या गाडीत कानटोपी नसेल तर सिंह सुचत नाही. टांझानियाला जाणाऱ्याने गरम कपडे एक थर जास्तच घ्यावेत. गडद निळा आणि काळा रंग टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात. लष्करी छपाईचे कपडेही नकोत. दुसरी गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशव्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी, टांझानियात १ जून २०१९ पासून. बंदी महाराष्ट्रातही आहे म्हणा, पण तिथे ती पाळतात. चपला, लोणची, ओले कपडे, सगळं कॅरीबॅगेत गुंडाळायची आपली सवय तिथे महागात पडते. आईने जुन्या साडीच्या डझनभर पिशव्या शिवून दिल्या, त्या टांझानियालाही कामाला आल्या. विजेचा दाब आपल्यासारखाच, फक्त चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. नैरोबीत पार्कलँड्सच्या बाजूला गुजराती थाळीपासून डोशापर्यंत सगळं आहे, चपाती तर केनियाने केव्हाच आपली करून टाकली. टांझानियात भात आणि घेवड्याची उसळ, वाली ना महारागे, सगळीकडे मिळते. जंगलातल्या कॅम्पना मात्र आठवडाभर आधी कळवा. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही, एवढं स्वाहिली पाठ असू द्या. बाकी गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान आणि बिमा म्हणजे विमा, हे कोणी शिकवावं लागत नाही. केनियात इंग्रजीवर सहज निभतं, टांझानियात स्वाहिलीचे दोन शब्द जास्त कामाला येतात. तिथे वेळ ठरवताना जपा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे दोन तास, म्हणजे सकाळचे आठ. आम्ही गाडीवाल्याशी आकड्यांत बोललो आणि एक सकाळ फुकट घालवली.

रोख रकमेबाबत, डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या घ्या. टांझानियात २०२५ पासून देशातले व्यवहार शिलिंगमध्येच करायचा नियम आहे. केनियात भाजीवालाही एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, पैसे घेतो, पण आठवड्याच्या पाहुण्याला कार्ड आणि थोडे शिलिंग पुरतात.

तर सहा-सात दिवस, बरोबर आई-वडील किंवा लहान मुलं, ऑक्टोबरची सुट्टी, पहिलीच खेप: केनिया, आणि मारात तीनच रात्री. नऊ-दहा दिवस, पाठ धडधाकट, फेब्रुवारीत रजा मिळते आणि शेवटी समुद्र हवा: टांझानिया, झांझिबारसकट. मे महिनाच मिळत असेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. न्गोरोंगोरोचे फोटो बघून आई अजून विचारते, ‘मला का नेलं नाहीस?’ तेव्हा मी तिला त्या खडीच्या रस्त्याचा व्हिडिओ लावून देतो. ती म्हणते, आपल्या गावचा रस्ता काय वेगळा आहे?